मॉन्, गूस

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर बाबांचा मेसेज आला: ‘इंग्रजीतला मॉन्गूस शब्द मूळचा मराठी! गर्व आहे!’ वाचून किळस आली, आणि शारजातल्या माझ्या शाळेतला मार्करचा उग्र वास पुन्हा नाकात भरला.

तिसरीत होते. मॅडम टाळ्या वाजवत शब्द फोडून म्हणायला लावायच्या: मॉन्, गूस. माझ्या तोंडून ‘मुंगूस’ निघालं. वर्ग खिदळला. मॅडमनी बाबांना बोलावलं.

“सॉरी मॅडम,” बाबा ओशाळं हसत म्हणाले, “घरी मराठी बोलतो ना. आता बंद करतो.”

कोकणातल्या अंगणात मुंगसं बघत वाढलेला माणूस! परतताना ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगवर थापा मारत माझ्याकडून घोकून घेतलं: मॉन्, गूस.

शी! डिक्शनरीत सापडल्यावर गर्व? मुंगूस तेव्हाही आपलंच होतं, बाबा.