खाणीतलं अजिंठा

आमच्या ह्यांचं नाव म्या कधी तोंडानं घेतलं न्हाय, पण सांगायचंच म्हणलं तर बब्रुवान. आमच्या ईट गावातले गवंडी. दूध संस्थेची इमारत, शाळेच्या दोन खोल्या, सगळं त्यांच्याच हातचं. भिंत ओळंब्यात आणि माणूस ओळंब्याबाहेर, असं म्या तोंडावर म्हणायची. ते नुसते हसायचे.

लग्नाआधी औरंगाबादेकडं कामाला गेले होते, तवा एकदा अजिंठा बघून आले. एकच दिवस! त्या एका दिवसावर माणूस वीस वर्षं बोलत राहिला. जेवता जेवता घास हातात तसाच. "तारा, अख्खा डोंगर कोरलाय गं. एक ठोका चुकला तर लावायला दुसरा दगड न्हाय." आणि मग निजलेले बुद्ध. पंधरा हात लांब, उशीला डोकं, डोळं मिटलेलं. शेवटची नीज. म्या म्हणायची, कालवण निवतंय, ते आधी गिळा.

पण माझी सासू, केशरबाई, ते कान देऊन ऐकायची. म्या त्यांना आत्या म्हणायची. बुद्धपौर्णिमेला आलेल्या भंतेजींनीबी तेच सांगितलं, तवापासून आत्यांच्या मनानं ते निजलेले बुद्ध धरलेच.

त्र्याऐंशी साली आत्यांचे डोळे गेले म्हणा ना. बार्शीचा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू हाय. एक डोळा पार गेलेला, दुसऱ्यात नळीतनं बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. तेबी चार महिन्यांचं सोबती. त्यात कंबरेचं हाड मोडून जुळलेलं. बार्शीहून आणलं तर आठ दिवस कण्हत पडल्या. अजिंठ्याच्या वाटेला लावू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

आत्या एवढंच म्हणाल्या, "बब्रू, डोळं जायच्या आत ते निजलेलं बुद्ध एकदा दाव रं."

हे दोन दिवस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी खोरं घेऊन गावामागच्या खाणीत गेले. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर सगळ्या गावानं खडी फोडली, ती ही खाण. डोंगराच्या पोटात चांगली खोल गेलेली, वर दगडाचं छत. आत जाऊन हे भिंतीवर हात फिरवत बसले. म्या विचारलं तर म्हणाले, "आई अजिंठ्याला जाऊ शकत न्हाय. मंग अजिंठ्यानं यावं."

म्या कपाळावर हात मारला. त्या वर्षीबी पाण्याचा ठणठणाट, आडात बादली खडखडायची, आणि ह्यांना चिखल पाहिजे! पण येड्याला येडे मिळतातच. दूध संस्थेच्या नानासाहेबांनी कॅन धुतलेलं पाणी दिलं. रोज दोन पिंपं. त्यात माती, भुसकट, शेण. तुडवलं कुणी? म्या तुडवलं, शिव्या देत देत. पोत्याला चुना लावून खांब केले. दीड महिना भिंतीला लागून बुद्ध आडवे होत गेले. मोजून पंधरा हात. चिखलाला आंबट ताकाचा वास मारायचा.

शेवटच्या दिवशी ह्यांनी मला आत उभं केलं आणि भायेर जाऊन चकचकीत पत्र्यानं ऊन परतवून आत टाकलं. तिकडं असंच दावतात म्हणे. अंधारात ते ऊन सरकत सरकत त्या तोंडावर आलं.

आई गं! माझ्याच पायानं तुडवलेली माती ती. त्यातलं भुसकट न् भुसकट म्या ओळखत होते. तरी आता बुद्ध कूस बदलतील असं वाटलं. म्या पदर तोंडात धरून रडले. ज्या माणसाला जन्मभर येडा म्हणलं, त्याच्याकडं मला मान वर करून बघवंना.

आता खरंच अजिंठ्याला चाललोय, असं आत्यांना पटवायचं. संस्थेचा टेम्पो चालवणारा व्यंकट तयार झाला. टेम्पोत गादी टाकली, चारी बाजूनं ताडपत्री बांधली आणि जवळच्याच वाशी गावाकडं निघालो. व्यंकटच्या बहिणीचं शेत तिथं. "औरंगाबाद आलं," म्हणून आत्यांना उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणतात कशा, "औरंगाबादेत लई कोंबडी हायत गं."

व्यंकट पाठ करून हसत होता. म्या त्याला चिमटा काढला.

मग मागच्या रस्त्यानं गावाकडं परत. खाणीजवळ तर जत्रा! गावातला चहावाला भीमाशंकर, हैदराबादेत राहिलेला, गाईड झाला होता. "आईये माँजी, चप्पल बाहर रखिये." बायका परक्या बाया झाल्या होत्या. कुणी भुईमुगाच्या शेंगा विकत होतं, कुणी तिकीट फाडत होतं. अख्खं गाव एका म्हातारीसाठी खोटं बोलत होतं, आणि एकाच्याबी तोंडावर लबाडी नव्हती.

ह्यांनी आईला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. भायेर व्यंकटनं पत्रा धरला. ऊन आलं.

आत्या नळीतनं बघावं तसं एकेक बघत गेल्या. कपाळ. पापण्या. ओठ. मग हात जोडून हळूहळू वंदना म्हणाल्या. आमचा गलका थांबला. शेंगावालीबी वंदना म्हणाया लागली.

मग त्यांना बुद्धांच्या उशाशी टेकवलं. उठायचं म्हणून त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि हात तिथंच थांबला. तिथं कंबरेएवढ्या उंचीला एक कोनाडा होता. अजिंठ्यातबी असे कोनाडे असतात, म्हणून ह्यांनी तो बुजवला नव्हता. आत्यांनी त्यात बोटं घातली, खालची कड चाचपली.

"बब्रू," त्या म्हणाल्या, "हा कोनाडा माझा हाय. बहात्तरला भाकरी ठेवायला म्या छन्नीनं केलेला. हितं कड तुटली तवा माझं नख गेलं होतं."

भीमाशंकरच्या तोंडात हिंदी तशीच अडकली. हे मटकन खाली बसले आणि आईच्या पायावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. "फसवलं गं तुला. डोळं जायच्या आत दावायचं होतं, दुसरं काय सुचलं न्हाय."

"गप," आत्या म्हणाल्या. "त्या तिकडचं लेणं कुणी कोरलं रं?"

"माणसांनी."

"माणसं म्हंजे कोण? आपल्यासारखीच ना, छन्नी-हातोडा घेतलेली? मंग ही खाण कुणी कोरली?" त्यांनी पुन्हा कोनाड्यात हात घातला. "म्या डोंगर कोरला, आणि तू त्यात बुद्ध निजवलास. ह्यात खोटं काय हाय? अरं ए, ऊन टाक की परत!"

व्यंकटनं ऊन टाकलं. ते कितींदा टाकलं म्हणून सांगू! दिवस कलेपर्यंत त्या बघत होत्या. पुढं रोज सकाळी हे त्यांना उचलून न्यायचे. दोन महिन्यांनी एकदा ऊन बुद्धांच्या तोंडावर असताना त्यांनी विचारलं, "आज पत्रा आणला न्हाय व्हय?" तवा आम्हाला कळलं. मातीचे बुद्ध पुढच्या पावसात खाणीत पाणी शिरून विरघळले. आत्या वर्षभरानं गेल्या, बुद्धांच्याच नावाचा जप करत.

सत्त्याऐंशीला दूध संस्थेची सहल निघाली, तवा खरं अजिंठा बघितलं. काय सांगू! ते पंधरा हात लांब बुद्ध, सगळे दगडाचे! ह्यांनी नाक जरा चुकवलं होतं, ते म्या तिथंच सांगितलं. पण ताकाचा वास येईना म्हणून चुकल्यासारखं वाटलं. आणि हात आपोआप भिंतीकडं गेला. इथं कोरणारीनं भाकरी कुठं ठेवली असंल?

राखणदार वरडला, "ओ बाई, हात लावू नका!"

म्या म्हणलं, "लावू दे की रं बाबा. आमच्या आत्यांचं काम हाय हे."