गावणकरांची एकतीस तारीख

कोणी "एक ते एकतीस" म्हटलं, की गावणकर खुर्ची वळवून विचारायचे, "एकतीस कुठवर? उजाडेपर्यंत की आख्खी?" परळच्या आमच्या हॉस्पिटलात नोंदींचा डेटाबेस ते सांभाळत; मी शेजारच्या टेबलावर. करी रोडला राहणारे मालवणी, आणि तारखेच्या बाबतीत देवालाही सूट न देणारे. आता निवृत्त होऊन गावी गेलेत.

ते कामावर असतानाच व्यवस्थापनाने एका सल्लागाराकडून नवी प्रणाली घेतली. उद्घाटनाला समई, शाल, श्रीफळ. संगणकालाही हार घातला, त्यामुळे तो भिंतीवरच्या फोटोसारखा दिसू लागला. ही प्रणाली महिन्याच्या पहिल्या ते शेवटच्या तारखेतले मृत्यू शोधायची, ती नावं वगळायची आणि उरलेल्यांना तपासणीचा मेसेज पाठवायची.

काही महिन्यांनी लालबागच्या शेवंताबाई आल्या. हातात नवऱ्याचा धुतलेला शर्ट.

"दर महिन्याला ह्यांना बोलावताय. कुठं ठेवलंय?"

मी नोंद काढली; मृत्यूची तारीख एकतीस. "आजी, ते तर..."

"भोईवाड्यात अग्नी दिला, ठाऊक आहे मला. पण हॉस्पिटलवाले उगाच कशाला बोलावतील?"

गावणकरांनी क्वेरी, म्हणजे नावं शोधायची अट, उघडली. नुसतं "एकतीसपर्यंत" लिहिलं, की यंत्र एकतीस तारीख लागते त्या क्षणीच थांबतं. त्या दिवसभरात गेलेले या महिन्यात सापडत नाहीत, पुढच्यातही नाहीत; त्यांना मेसेज जातच राहतात.

"मरण काय घड्याळ बघून येता?" ते पुटपुटले. अट बदलली: पुढची एक तारीख लागण्याआधीचं सगळं. स्क्रीनवर एकेक नाव उगवू लागलं. गावणकर प्रत्येक नाव ओठांत वाचत होते.

सल्लागार फोनवर गावणकरांना म्हणाला, "मायनर इश्यू आहे, सर."

"हो. माणसं मेलीयत, तेवढंच."

पुढच्या महिन्यात शेवंताबाई पुन्हा आल्या.

"मेसेज नाही आला."

"आता येणार नाही, आये."

"गेले?"

"होय."

"कधी?"

खरी तारीख समोर होती, वेळेसकट. एका दिवसासाठी साहेबांशी भांडणाऱ्या या माणसाने हात पुढे करून स्क्रीन बंद केली.

"आज," गावणकर म्हणाले.

बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. "तरीच. आज सकाळी दारात चपला वाजल्या नाहीत."