मधला ग्लास

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला बसले होते, पण सांगता सांगता वेगळंच काहीतरी सांगून मोकळी झाले, आणि तो हसला. बाकी कुणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आजही मी आधी इकडचं तिकडचं बोलणार, मला माहीत आहे. तेवढं चालवून घ्या.

मी दारूच्या कंपनीत होते. दचकू नका, आमच्या घरचेही दचकले होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेलो, घरात दारूचा थेंब नाही. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि नव्वदीच्या मध्यावर, परदेशी कंपन्या एकेक करून येत होत्या तेव्हा, मला गुडगावला नोकरी लागली. आई शेजारपाजारी सांगायची, मुलगी फूड लॅबमध्ये आहे. खोटं नव्हतं तसं. धौला कुआँहून कंपनीची बस निघायची आणि सरसोंच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या एका काचेच्या इमारतीसमोर आम्हाला सोडायची.

माझं काम चव बघण्याचं. लोकांना वाटतं, काय मजा! मजा कसली — सकाळी अकराला, जेवणाच्या आधी, कारण तेव्हा नाक ताजं असतं. आदल्या रात्री कच्चा कांदा खायचा नाही, केसांना तेल नाही, सेंट नाही. व्हिस्कीत पाणी घालून ती मवाळ करायची. ग्लास गडद निळे, म्हणजे रंग बघून कुणी अंदाज बांधू नये. वर काचेची चकती झाकलेली. चकती काढायची, वास घ्यायचा, घोटभर तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. वीस नमुने तपासून मी पूर्ण शुद्धीत घरी येते, हे आईला पटायला दोन वर्षं लागली.

हे सगळं मला भसीनसाहेबांनी शिकवलं. आमच्या टेस्टिंग रूमचे ते प्रमुख. करोलबागचे, पन्नाशी ओलांडलेले, या धंद्यात तीस वर्षं काढलेले. त्यांच्या नाकाचा कंपनीत दबदबा होता. अमेरिकेतल्या एका कंपनीशी आमच्या लोकांचं बोलणं चाललं होतं, म्हणून तिकडून नमुने यायचे — बर्बन आणि राय. बर्बन मक्याची, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली. राय ही राय नावाच्या धान्याची, गव्हाच्याच भाऊबंदांपैकी. मी इंग्रजी पुस्तकातले शब्द लिहून नेले की साहेब कागद परत करायचे. वास पुस्तकात शोधू नकोस, घरात शोध, म्हणायचे. मग मी घरात शोधायला लागले. बर्बनमध्ये मला गुळाचा पाक सापडला, भाजलेलं खोबरं, जास्त पिकलेलं केळं. रायमध्ये मिरे, बडीशेप, थोडी लवंग. सहा वर्षांची बर्बन गोड आणि मोकळी, बारा वर्षांची मात्र लाकडाला लागलेली, फार उकळलेल्या चहासारखी शेवटी तुरट. राय उलट मुरली की सुधारते, तिचा तिखटपणा बसतो. मला हे कळायला लागलं तेव्हा इतका आनंद झाला होता — खरंच सांगते, पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

बघा, भरकटले. मुद्द्यावर येते.

त्या वर्षी जानेवारीत साहेब तापाने पडले. दोन आठवड्यांनी परत आले, खोकला होता, बाकी ठीक. एका सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर खोलीत धूर. त्यांच्या शालीचं टोक हीटरवर पडलं होतं आणि जळत होतं. लोकर जळल्याचा वास किती घाण असतो! मला तो बाहेर पॅसेजमध्येच आला होता. आणि साहेब हीटरकडे पाय पसरून शांतपणे पेपर वाचत होते.

मी शाल ओढली, पाणी ओतलं. त्यांनी शालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग दार लावून घेतलं. तापानंतर त्यांना वास येणंच बंद झालं होतं. पूर्ण. जिभेला गोड-कडू कळत होतं, घशाला जळजळ कळत होती, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल किंवा येणार नाही. रिटायरमेंटला तीन वर्षं होती. ज्या माणसासमोर अख्खी कंपनी अदबीने उभी राहायची तो माणूस माझ्यासमोर, माझ्यासारख्या सव्वीस वर्षांच्या मुलीसमोर, डोळे पुसत होता. मी म्हटलं, सर, मी आहे ना.

कुणी सांगितलं होतं मला असं म्हणायला? कुणी नाही. दया आली होती, आणि खरं सांगायचं तर — अभिमानही वाटला होता. एवढा मोठा माणूस आता माझ्या नाकाने वास घेणार!

मग आमची एक पद्धत ठरली. एकटे असलो की मी वास घ्यायची, सांगायची, ते लिहायचे. इतरांसमोर बसायचं असलं की मी त्यांच्या डाव्या हाताला. आमच्यात एक चाचणी नेहमी व्हायची: समोर तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा आणि त्यात काय आहे ते सांगायचं. मी माझं उत्तर कागदावर लिहून कागद उलटा घालायची, आणि पेन्सिल सहज ठेवल्यासारखी त्या ग्लासासमोर ठेवायची. टोक ग्लासाकडे असलं की राय, माझ्याकडे असलं की बर्बन; वय सांगायचं तर बोटांनी. ते घटकाभर ग्लास फिरवत राहायचे, डोळे मिटायचे, मग उत्तर सांगायचे. चौदा महिने आम्ही हे केलं. एकदाही चूक नाही. लोक म्हणायचे, भसीनसाहेबांचं नाक वयाबरोबर आणखी तल्लख झालंय. मी मान खाली घालून हसायची.

बदल्यात मी काही मागितलं नव्हतं. त्यांनीच कबूल केलं होतं. अमेरिकेला, केंटकीला, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी आमच्याकडून एक जण जायचा होता. परत आल्यावर टेस्टिंग रूम त्याच्याच हातात येणार, हे उघड होतं. नाव साहेबांनी सुचवायचं होतं. "वहाँ तू ही जाएगी, बेटा," ते म्हणाले होते, एकदा नाही, तीन-चारदा. मी पासपोर्ट काढला. आईने मुनिरकाच्या एका दुकानातून मोठी बॅग आणली, स्वस्तात मिळाली म्हणून.

त्यांचं पत्र मी वाचलं ते चुकून. स्टेनोच्या ट्रेमध्ये माझे कागद ठेवायला गेले होते. वर तेच पडलं होतं, टाइप केलेलं, सहीसाठी. माझं नाव दिसलं म्हणून वाचलं. लिहिलं होतं — मुलगी कष्टाळू आहे, पण नाक साधारण. घर जुन्या वळणाचं, वर्षभरात लग्न होईल, तिच्यावर खर्च करणं शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा सेल्समधल्या भाटियाला पाठवावं.

नाक साधारण.

तुम्हीच सांगा, काय वाटलं असेल? रोज सकाळी जे नाक वापरून तो माणूस आपली खुर्ची सांभाळत होता, ते साधारण! लग्नाबद्दल मी त्यांच्याशी कधी अवाक्षर बोलले नव्हते. भाटियाला तर बर्बन आणि फिनेल यांतला फरक कळला नसता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. का केलं त्यांनी, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी सहा महिने गेले तर त्यांनी वास कुणाच्या नाकाने घ्यायचा? कळलं म्हणून काय झालं. इतका विश्वासघात माझा कुणी केला नव्हता, आणि त्यानंतरही कुणी केलेला नाही. आजही तो जानेवारी आठवला, तो धूर, मी शाल ओढली ते — तर वाटतं, जळू द्यायला हवी होती.

हे वाटणं हा माझा गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे.

मी काय करू शकले असते? त्यांच्यासमोर जाऊन विचारू शकले असते. जी.एम.कडे जाऊन खरं सांगू शकले असते. निदान गप्प बसून, राजीनामा देऊन निघून जाऊ शकले असते. मी यातलं काहीही केलं नाही. मी गोड बोलत राहिले. त्यांचा चहा आला की बिस्किटांची बशी पुढे करत राहिले. अकरा दिवस. कारण बाराव्या दिवशी अमेरिकेहून दोन पाहुणे येणार होते, आणि साहेब त्यांच्यासमोर चव बघायला बसणार होते.

कॉन्फरन्स रूममध्ये जी.एम., ते दोन पाहुणे, साहेब आणि त्यांच्या डाव्या हाताला मी. आधी जुन्या बर्बनची तुलना झाली, सहा, आठ आणि बारा वर्षांच्या. कठीण होती. मी सरळ खुणा केल्या, साहेब सुंदर बोलले, पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग दोन वेगवेगळ्या पिंपांतल्या राय आल्या. त्याही बरोबर. इथे चूक झाली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, अशा चुका भल्याभल्यांच्या होतात. म्हणूनच मी थांबले होते. समजतंय ना? मी कठीण प्रश्नाची वाट बघत नव्हते. सोप्याची बघत होते.

तो शेवटी आला. तीन ग्लास — दोनांत बर्बन, एकात राय. गंमत म्हणून ठेवला असावा. आमच्या कँटीनवाल्यानेही ओळखला असता. मी पहिला हुंगला, गूळ. दुसरा — मिरे, बडीशेप, लख्ख. तिसरा पुन्हा गूळ. कागदावर लिहिलं, 'मधला, राय'. कागद उलटा घातला. आणि पेन्सिल उजव्या ग्लासासमोर ठेवली, टोक ग्लासाकडे.

चकत्या तिन्ही ग्लासांवर परत झाकल्या.

साहेबांनी तिन्ही ग्लास फिरवले. मधला त्यांनी दोनदा तोंडाला लावला. पेन्सिलीकडे बघितलं. उजवा, म्हणाले, आणि त्या बर्बनमधले मिरे आणि लवंग अगदी रंगवून सांगायला लागले, माझ्याच शब्दांत. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतला वयस्कर होता तो भला माणूस. तो म्हणाला, घाई नाही, हवं तर पुन्हा एकदा बघा.

पुन्हा एकदा. म्हणजे मलाही पुन्हा एकदा. बोटभर अंतर होतं, फार तर. साहेबांनी पुन्हा मधला उचलला, घोट घेतला, थांबले. मग मान वळवून त्यांनी पेन्सिल बघितली आणि नंतर मला बघितलं. मी समोर बघत राहिले. पेन्सिल हलवली नाही.

"उजवाच," ते म्हणाले.

तासाभराने जी.एम.च्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. टेबलावर माझा कागद होता. जी.एम. म्हणाले, ही ज्युनियर मुलगी बरोबर लिहिते आणि तुम्ही दोनदा चुकता? मग साहेबांनी स्वतःच सांगितलं — वास गेला आहे, सव्वा वर्ष झालं. जी.एम.नी मला विचारलं, तुला माहीत होतं? मी म्हटलं, "नो सर." आणि वर हेही म्हटलं की मला धक्काच बसला. साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. जी.एम. त्यांच्याकडे वळले. मग इतके दिवस निभावलं कसं? कोणीतरी मदत करत असणार. कोण?

एक नाव. माझी नोकरी गेली असती, आणि या धंद्यात कुणी मला दारात उभं केलं नसतं.

"कोई नहीं," साहेब म्हणाले.

पुढचं पटकन सांगते. त्यांना राजीनामा द्यायला लावला. ते पत्र रद्द झालं, केंटकीला मी गेले. परत आल्यावर ती खोली माझी झाली आणि मी तिथे एकोणीस वर्षं बसले. नाक गेलेल्या साहेबांचा किस्सा मी पार्ट्यांमध्ये सांगत असे. त्यात मी भोळी होते, मला काहीच माहीत नसायचं. नवऱ्यालाही मी तोच किस्सा सांगितला.

त्यांनी मला फसवलं होतं, हे खरंच आहे. पण ते मोजायला घेतलं की माझं काही कमी होत नाही. मी करून बघितलंय.

आता एकच राहिलं. ते शेवटचं टाळत होते.

त्यांचा सामान नेण्याचा दिवस होता. चारच्या सुमाराला मी गेटवर बसची वाट बघत होते. ते एक पिशवी घेऊन आले, माझ्याशेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. खरं तर मला त्या हव्या होत्या. पत्राबद्दल तोंडावर फेकायला मी मनात वाक्यं तयार ठेवली होती. पण ते रागावलेले नव्हते. एखादा हिशेब लागत नाही म्हणून विचारावं तसे बोलले.

"मेरे गले ने तो बीच वाला कहा था, बेटा. दोनों बार. मैंने सोचा, तेरी पेंसिल है तो मेरा गला ग़लत होगा."

बस आली, मी चढले आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले.