न थिजलेलं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठायचो — भाताचं, गुरांचं, कुणाच्या तरी आजारपणाचं. ज्या दोघींना सांगायला हवं होतं, त्या दोघीही आता नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. ऐकून घ्या, एवढंच.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. मी मळवली स्टेशनात बत्तीवाला होतो. घाटातून विजेची गाडी धावायला लागली होती, पण सिग्नलला अजून तेलाच्याच बत्त्या. त्या उतरवायच्या, काजळी पुसायची, तेल भरायचं, पुन्हा चढून लावायच्या. स्टेशनातले बाबू केसांना खोबरेल चोपडून भांग पाडत. मलाही तसा भांग हवा होता. — सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली, हे सांगतानाही लाज वाटते.

त्या थंडीत माझी धाकटी बहीण कमळ सासरी नांदायला जायची होती. गोंदल्याशिवाय पोर धाडायची नाही, ही आमच्याकडची रीत. आईने साळूमावशीला बोलावलं. ती गावोगाव फिरून गोंदायची. आईच्या हातावरची तुळसही तिचीच. कमळच्या हातावरही तुळसच काढायची होती. सुई टोचली तशी ती ओरडली. मावशी म्हणाली, "आगं, येवढ्यानं बोंब मारतीस, मग सासू चिमटं काढंल तवा काय करशील?" बाया हसल्या. कमळही रडता रडता हसली. मी उंबऱ्यात बसून बघत होतो.

निघताना मावशीने बजावलं, "हळदीच्या पान्यानं धुवा, वर खोबरेल लावा. निर्मळ पायजे. खपली पडंस्तवर दुसरं काय बी न्हाई."

खोबरेल आमच्या घरात रोजचं नव्हतं; आम्ही कारळ्याचं तेल खाणारी माणसं. आईने लोणावळ्याच्या बाजारातून मुद्दाम एक बाटली आणवली, तिच्यात कापूर टाकला आणि फळीवर ठेवली. मी त्यातलं थोडं डोक्याला घेतलं. मग आणखी थोडं. कुणाला कळणार होतं? पण बाटली अर्धी झाली तेव्हा घाबरलो. आई काय म्हणेल — बहिणीच्या औषधातलं तेल केसांना? मग स्टेशनातल्या डब्यातलं बत्तीचं तेल आणलं आणि बाटली भरून ठेवली. डब्याच्या तळाचं होतं ते, वातींचा गाळ बसलेलं. कापराच्या वासात त्याचा वास दबला.

थंडी कडक होती. घरोघरी खोबरेल थिजून पांढरं व्हायचं, बाया बाटल्या चुलीजवळ ठेवायच्या. आमची बाटली मात्र तशीच पातळ. कमळने विचारलं, "दादा, आपलं त्याल थिजत कसं न्हाई?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "चांगलं त्याल थिजत न्हाई, येडे." तिने मान डोलवली आणि बोटाने ते हातावर चोळलं. माझ्यासमोर. — तेव्हा तरी तिचा हात धरायला नको होता का?

हात सुजला. तुळशीचं पान न् पान पिकलं, पू झाला, तापाने पोर बरळायला लागली. लोणावळ्याच्या डॉक्टरने चिरा दिला. हात वाचला, मनगट मात्र आखडून राहिलं. त्या गडबडीत मी बाटली ओढ्यावर नेऊन रिकामी केली.

मग पाटलाने साळूमावशीला बोलावलं. अंगणात वाडी गोळा झाली. मावशी सुया पुढे करून सांगत होती, "आवं, राखंनं घासल्याल्या सुया हायेत. ह्याच सुयांनी तुमच्या सुना गोंदल्या मी." पाटील माझ्याकडे वळला. "तू व्हतास ना रं तितं? सुई कशी व्हती?"

कुणी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "गंज व्हता सुईला."

आईने मावशीची पिशवी बांधावरून फेकली. तिला पुन्हा गावात पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलं. बातमी भाजे, कार्ले, सगळीकडे गेली. तिच्यापुढे हात धरणारी बाई उरली नाही.

कमळला सासूने पहिल्याच दिवशी विचारलं, "गोंदून धाडली का डागून?" जातं ओढताना तिचं मनगट दुखायचं. माहेरी आली की ती हात शेकत बसायची आणि साळूमावशीला शिव्याशाप द्यायची. मी शेजारी बसून ऐकायचो. ती तशीच शिव्या देत म्हातारी झाली आणि माझ्या आधी गेली.

कमळ होती तेव्हाच, बऱ्याच वर्षांनी, मावशी मला एकदाच भेटली, वडगावच्या बाजारात. केरसुण्या विकत होती. मी तोंड फिरवलं, पण तिने ओळखलं.

"कमळीचा दादा न्हवं तू? पोरीचा हात कसा हाय?"

"बरा हाय," मी म्हणालो.

"बरं झालं बाबा. लय जीवाला लागलं व्हतं माज्या." मग केरसुणीच्या काड्या सारख्या करत ती हळूच म्हणाली, "तू बगितलास म्हंजी आसंलच गंज. माजीच नजर चुकली."

माझ्या खोट्यावर तिनेही विश्वास ठेवला होता. इतकी वर्षं. मी समोर उभा होतो, भोवती लोक भाव करत होते. सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी केरसुणी घेतली आणि निघून आलो. पुढल्या बाजाराला गेलो तेव्हा तिच्या जागी दुसरीच बाई बसली होती. तिने सांगितलं, म्हातारी वारली.

त्या दिवशी बाजाराला जाताना वाटेवर मनाशी घोकत गेलो होतो — मावशी, तुमच्या सुईला गंज न्हवता. म्या खोटं बोललो. त्याल म्या बदललं व्हतं. मला माफ करा.