केसपेपरावर माझं नाव

हे मी आजवर कोणाजवळच बोलले नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्ही शेजारी बसला आहात असं धरून सांगते — मधेच अडखळले तर अडखळू द्या.

माझे यजमान वलगावच्या शाळेत मास्तर. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नाही. दाढी तुरळक, अंगात त्राण नाही, जेवले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. एकसष्ट साली आम्ही अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेलो. अमरावती जवळ, पण तिथं सोयरे भेटतात ना! डॉक्टर म्हणाले, पुरुषाच्या अंगात जो रस लागतो तो यांच्यात कमी आहे, सुया घ्याव्या लागतील. मास्तर पांढरे पडले. "केसपेपर तुह्या नावानं काढू," म्हणाले, "मी लोकाईले काय तोंड दाखवू?"

मी हो म्हटलं. मग दर तीन आठवड्यांनी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी. पडद्याआड कंपाउंडर त्यांना सुई टोचायचा, आणि डॉक्टरांसमोर जाऊन बसायची मी. घरी सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या सुया टोचल्या हिले, तरी कूस कोरडीच!" मी ऐकून घ्यायची. मोठी सोशिक वाटते ना मी? थांबा.

सुयांनी मास्तर पालटले हो! सायकलवर गाणं म्हणत घरी यायचे. रोज दाढी करायचे. "मास्तरीणबाई, ब्लेड संपलं पुन्हा!" — अन् हसायचे. माझ्याकडे बघायचे — कसं, ते काय लिहू? सहा वर्षांत पहिल्यांदा मला नवरा मिळाला होता.

अन् एके दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "बाई, या सुईनं माणूस सुधारतो, पण बीज आटतं. मूल पाहिजे असेल तर ही बंद करावी लागेल. दुसऱ्या सुया देऊन पाहू. वर्षभर ते पहिल्यासारखे मलूल होतील, अन् मूल होईलच असं नाही. त्यांना विचारून सांगा."

जिनं मला नवरा दिला, तीच सुई माझं लेकरू अडवून बसली होती?

बाहेर बाकावर मास्तर वाट बघत होते. त्यांना मुलगी हवी होती — नावसुद्धा ठरवलेलं, सुमन. "काय म्हनले डॉक्टर?"

"हेच चालू ठेवा म्हनले."

कोण बोललं ते? मीच. माझा आवाज ऐकून मलाच धक्का बसला. पण ते घाईत निसटलं म्हणू नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "ते नको म्हणतात, हीच सुई द्या." विचार करायला तीन आठवडे होते मला. तीन आठवडे रोज मी त्यांच्या ताटात वाढत होते, अन् त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प राहत होते.

अशी सहा वर्षं गेली. अडुसष्टच्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तरच म्हणाले, आता सुया बस झाल्या. अन् त्यांनी माझे पाय धरले. माझे! "माह्यापायी तुले वांझ म्हनून घ्या लागलं. एक पोरगी बी देऊ शकलो नाही तुले. माफ कर मले."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. म्हटलं, "केलं माफ."