उसाचं बेणं आणि पुढारी

सन दोन हजार चोवीस. माझं वय बाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, तीबी अर्धीमुर्धी. पण बोललेला शब्द परत गिळायची सवय मला कधी लागली नाही.

पुतण्या मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ टाकतो. उसाच्या लागणीबद्दल बोला म्हणाला, म्हणून मी बांधावर उभा राहून बोललो, "जुनं बेणं कुजलंय. त्ये बदलल्याबिगर तालुक्याला बरं दिस यायचं न्हाईत." बेणं म्हणजे लावायची उसाची कांडी. पण आमच्याकडं एखाद्या नग माणसालाबी बेणंच म्हणतात, आणि निवडणूक तोंडावर आलेली. कुणीतरी तेवढंच वाक्य कापलं, वर आमच्या पुढाऱ्याचा फोटो लावला, मागं हलगी वाजवली. झालं! वाईच्या बाजारात एक अनोळखी बाई म्हणाली, "आवं, बेणंवालं आजोबा न्हवं का तुमी?"

मग पुढाऱ्याची दोन माणसं जीप घेऊन दारात आली.

"आबा, माफीचा व्हिडिओ करा. मिनिटाचं काम."

"मी उसाला बोललो. उसाची माफी मागू व्हय?"

ओट्यावरचा शेजारी फिसकन हसला. त्यानं ते जास्तच चिडले.

"सायेब देवमाणूस हाईत, माझं चुकलं, एवढंच म्हना. तुमच्या फडाला तोड यायची हाय न्हवं अजून? बघा बरं. सायबांच्या कारखान्याची टोळी वाट चुकंल."

उसाला तुरे आले होते. रोज वजन घटत होतं. कारभारीण आतून म्हणाली, "म्हना की. दोन शब्दांनं जीभ झिजती व्हय?"

मी तिच्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"त्या दिशी मी तुमच्या सायबाला म्हणलो न्हवतो. आता म्हणतो. काढा मोबाईल, करा व्हिडिओ!"

कुणाचाच हात खिशाकडं गेला नाही. जीप धुरळा उडवत गेली. टोळी येणार नाही, हे त्या धुरळ्यातच कळलं.

कारभारीण दिवसभर भांडी आपटत होती. संध्याकाळी मी पलीकडच्या गावच्या गुऱ्हाळवाल्याला फोन लावला, "गुळाला ऊस घेतोस का?" तो म्हणाला, "घेतो, पण तोडणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयत्याला धार लावली, फडात शिरलो आणि पहिली सरी तोडायला घेतली. मागं सळसळ झाली म्हणून वळून बघितलं. कारभारीण पदर खोचून मोळी बांधत होती.