दारामागच्या रेघा

दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईकडे किस्से आपोआप साठत जातात. सुट्टी संपली की लोक किल्ल्या घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडेच राहतात!

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला, मुहर्रकमध्ये राहायचो. हे अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन होते. दर शुक्रवारी जमणारी आमची काही मराठी घरं होती. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की सगळे गावी पळायचे. आमच्या ह्यांना लीव्ह मिळायची हिवाळ्यात, त्यामुळे सगळ्यांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

काम सोपं. आठवड्यातून एकदा जायचं, एसी लावायचा, नळ सोडायचे. तिथली हवा इतकी दमट की बंद घरात चपलांनासुद्धा बुरशी यायची.

पण भर दुपारी, पडदे ओढलेल्या, कुणी नसलेल्या घरात एकटीनं पाऊल टाकायला नको वाटायचं. म्हणून मी दार उघडून आधी मोठ्यानं म्हणायचे, "मी आले हो!"

हे हसायचे. "एखाद्या दिवशी आतून कुणी 'या' म्हणालं तर काय करशील?"

*

सलमा आणि इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे. इब्राहिमभाई सित्र्यात एका छोट्या कंपनीत वेल्डर होते. त्या उन्हाळ्यात कंपनी बंद पडली, मालक कुठं गेला कुणाला माहीत नाही, आणि नवरा-बायको-पोरगी तिघांचे पासपोर्ट त्याच्याच कपाटात! कंपनीचं क्वार्टर होतं. वॉचमननं कुलूप बदललं आणि हात झटकले, "खलास."

मी गेले तेव्हा सलमा पायरीवर बसली होती. शेजारी दोन बॅगा, प्रेशर कुकर आणि पाच वर्षांची नाझू.

"वैनी, कुकर लावलेला होता," ती म्हणाली. "भात तसाच घेऊन बाहेर आलो."

आमच्याकडे हॉल आणि एक खोली. दोनचार दिवस काढले. मग मी गावी गेलेल्या कांबळेताईंना फोन लावला आणि भीत भीत विचारलं.

"राहू दे की गं त्यांना!" त्या ओरडल्या. "एसी तरी रोज चालेल!"

मग गायकवाडांनी हो म्हटलं, मग मोऱ्यांनी. एका घराचे मालक यायचे झाले की तिघं बॅगा उचलून दुसऱ्या बंद घरात. अट एकच होती, आवाज नको आणि खूण नको. बिल्डिंगच्या मालकाला कळलं असतं, तर आमच्याच माणसांची घरं गेली असती.

*

नाझूनं ही अट भलतीच मनावर घेतली.

पाणी प्यायली की पेला धुऊन, पुसून, होता तिथंच ठेवायची. फरशीवरून अनवाणी चालायची आणि वळून फ्रॉकच्या काठानं स्वतःची पावलं पुसायची. सलमा म्हणायची, "मी एवढं नाही हो शिकवलं तिला!"

एकदा मी नेहमीसारखी कांबळेताईंचं दार उघडून "मी आले हो!" म्हटलं. तिघं तिथं राहायला आलीत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

आतून बारीक आवाज आला, "या ना काकी. पण आम्ही इथं नाही आहोत!"

माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर त्या दिवशी हेसुद्धा हसले नाहीत.

*

एका शुक्रवारी आमच्याकडे पोरं लपाछपी खेळत होती. राज्य माझ्या मुलावर होतं. सगळे सापडले, नाझू सापडेना. पोरं दमली, मग आम्ही मोठी माणसं शोधायला लागलो. कॉटखाली, कपाटात, गच्चीवर. सलमा रडायच्या बेतात आली.

तेवढ्यात नाझू हॉलमधल्या फ्रीजशेजारी उभी दिसली. अगदी उघड्यावर!

"कुठं होतीस गं?"

"इथंच. सगळे माझ्यासमोरून गेले."

माझा मुलगा रडवेला झाला. "मम्मी, आय लुक्ड देअर. शी वॉज नॉट देअर!"

त्याला फक्त इंग्रजी बोलायची सवय, तेव्हा मी त्याला त्यावरूनच रागावले.

*

गायकवाड सुट्टीहून परतले आणि मला म्हणाले, "वहिनी, घरात कुणी राहिलं होतं असं वाटतच नाही! ठिबकणारा नळसुद्धा बंद झालाय. फक्त ते बेडरूमच्या दारामागे काय आहे?"

दारामागे भिंतीवर पेन्सिलीची बारीक रेघ होती. माझ्या कमरेच्या जरा वर.

मी इब्राहिमभाईंना विचारलं. ते मान खाली घालून म्हणाले, "घर सोडायच्या दिवशी पोरीला भिंतीला उभी करून उंचीची रेघ मारतो. सलमा भांडते माझ्याशी. पण वैनी, पोरीला घर नाही तर नाही, ती वाढतेय हे कुठंतरी दिसायला नको?"

गायकवाडांनी ती रेघ पुसली नाही. कांबळेताईंनी आणि मोऱ्यांनीही नाही. नंतर घरं रंगवली तेव्हा रंगाऱ्याला सांगून तेवढी जागा सोडली!

*

सप्टेंबरात सगळे परतले आणि बंद घर एकही उरलं नाही. पासपोर्टांसाठी आमच्या ह्यांनी आणि गायकवाडांनी ऑफिसांत खेटे घातले. जो तो "इंशाल्ला" म्हणायचा. तिघं कधी आमच्या हॉलमध्ये, कधी मोऱ्यांच्या गाडीत झोपायची. शेवटी पासपोर्ट सुटले.

एअरपोर्टवर नाझूनं मला विचारलं, "काकी, आता ज्या घरात जातोय त्याचे मालक कधी येणार?"

"अगं, ते तुझंच घर. कुणी येणार नाही."

तिला ते पटलं नाही. "मग इथली घरं कोण सांभाळणार?"

सलमानं तिला ओढत आत नेलं. ती वळून वळून माझ्या हातातल्या पर्सकडे बघत होती. किल्ल्या त्यातच होत्या.

*

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा किल्ल्या माझ्या खिळ्याला आल्या. पहिल्याच आठवड्यात मी कांबळेताईंचं घर उघडलं. "मी आले हो!" म्हटलं. आतून काही आवाज आला नाही. एसी लावला, नळ सोडले, बेडरूमचं दार लोटलं.

दारामागे जुन्या रेघेच्या वर, बोटभर अंतरावर, दुसरी रेघ होती.

सगळ्या फरशीवर धुळीचा थर होता. दारामागचा तेवढा तुकडा पुसलेला, जरा ओलसर.

तोवर किल्ली खिळ्यावरून हलली नव्हती. गायकवाडांचं घर उघडलं. तिथंही रेघ. मोऱ्यांकडेही. तितकीच, बोटभर वर.

हे म्हणाले, "गेल्या वर्षीच काढली असेल, तुझं लक्ष नसेल." पण दुसऱ्या दिवशी किल्ल्या खिळ्यावरून काढून कपाटात ठेवल्या त्यांनीच.

त्याच आठवड्यात ईद होती. सलमाचा गावाकडच्या बूथवरून फोन आला. इब्राहिमभाईंना काम मिळालं होतं, भावाच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या होत्या. स्वतःच्या! मला इतका आनंद झाला की रेघांचं बोलायचं राहूनच गेलं.

"आणि नाझू?" मी विचारलं. "वाढली का गं?"

"बोटभर वाढलीय वैनी. पण काय सांगू, हे पेन्सिल घेऊन मागं लागलेत, नव्या घराच्या भिंतीवर पहिली रेघ मारायची म्हणून. ही उभीच राहत नाही!"

"का गं?"

"म्हणते, माझी उंची मोजून झाली. काकींनी दार उघडायच्या आधीच."